एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात पट्टा: तुमचे अनुभव

परवा जुना कॅमेरा विकायला काढला. घ्यायला आलेल्या मुलाने लेन्स उजेडात धरून बुरशी तपासली, बटणं दाबून पाहिली, आणि शेवटी लेन्सचं झाकण हातात घेऊन म्हणाला, "काका, याला काय झालंय? पाचशे कमी करा." झाकणावर चार दातांचे ठसे. आमच्या गोट्याचे. डॅशहुंड जातीचा कुत्रा, वजन साडेसात किलो, त्यातलं किलोभर नुसतं पार्ले-जी.

२०१४ पासून नऊ वर्षं दर रविवारी पहाटे आम्ही दोघं वेताळ टेकडीवर. मी पक्ष्यांचे फोटो काढायला जातो असा माझा समज. १८-५५च्या लेन्समध्ये लांबचं जवळ येत नाही, पक्षी म्हणजे ठिपका, तरी हट्ट. मोर झुडपाबाहेर यायला आणि गोट्याला शिंक यायला एकच गाठ. पट्टा मनगटाला गुंडाळलेला, त्यामुळे निम्म्या फोटोंत पुणं डावीकडे कललेलं. त्याच्याशेजारी जमिनीवर बसून बसून गवताचे तुरे, दवाने भरलेली कोळ्याची जाळी हे मात्र दिसायला लागलं. पक्षी राहिलेच.

झाकण दिलं नाही. दीडशेचं नवीन आणून दिलं त्याला. तुमचेही येऊ द्या.

भाजणीचं थालीपीठ: पाचशे कमी केलेत का शेवटी?

धागाकर्ता: तीनशे.

कोळशाची आई: आमचा कोळसा. काळाकुट्ट, नावाप्रमाणे. फोटोत एकतर अंधारात दोन डोळे, नाहीतर कुत्रं करडं आणि मागची भिंत पांढरीफटक. काय करू?

धागाकर्ता: कॅमेरा सगळं मध्यम करडं धरून चालतो, म्हणून काळं उजळवत बसतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, उणे एक करा. भर उन्हात नको, दारात सावलीत बसवा, तोंड बाहेर. डोळ्यात उजेडाचा ठिपका आला की झालं.

कोळशाची आई: उणे एक केलं. आता फक्त दात दिसतायत.

मधलीसुट्टी: दादा, पांढऱ्या पॉमला उलटं ना? अधिक एक? आमची लग्नाच्या अल्बममध्ये पण राखाडी आलीये. हो, ती होती लग्नात. नवऱ्यापेक्षा तिचेच फोटो जास्त आहेत, सासूबाई अजून बोलून दाखवतात.

नदीकाठ: एप्रिल होता, धरणाचा काठ. टिटवी पंख मोडल्यासारखी लंगडत पुढे, पिंकी तिच्या मागे, मी दोघींच्या मागे कॅमेरा घेऊन. वाटलं बिचारी जखमी आहे. बरंच लांब गेल्यावर टिटवी मस्त उडाली आणि वरून आमच्या नावाने शिमगा. अंडी मागेच होती, गारगोट्यांत गारगोट्यांसारखी, जिथे मी बॅग ठेवणार होते तिथून वीतभर. तेव्हापासून उन्हाळ्यात काठावर पट्टा सोडत नाही. फोटो एकच आलाय, पिंकीच्या शेपटीचा.

भाजणीचं थालीपीठ: बाप रे. टिटवीची अंडी उघड्यावर असतात हे माहीतच नव्हतं.

म्युनिकहून: इथे डॅशहुंडला डॅकेल म्हणतात. डॅक्स म्हणजे बिज्जू, त्याच्या बिळात शिरायला बनवलेलं कुत्रं. आमचा सोफ्याच्या उशीत शिरतो. बॅगेत मावणारं कुत्रं लांबच्या रेल्वेत फुकट. मागच्या आठवड्यात तपासनीस आला, मी त्याचाच फोटो काढतेय असं वाटून पोझ देऊन उभा. कुत्र्याचा काढत होते हो. मग दोघांचा काढला.

मधलीसुट्टी: आपल्याकडे फर्स्ट एसीचा अख्खा कूपे घ्या नाहीतर गार्डच्या डब्यात सोडा. आम्ही गाडी करून गेलो कोल्हापूरला. तिने साताऱ्यापर्यंत तीनदा उलटी केली.

पाचवा मजला: धाग्याशी संबंध नाही पण पावसाळ्यात टेकडीवरून आलं की गोचिडी. कपाटात डांबरगोळ्या आहेत, अंथरुणाखाली ठेवल्या तर चालतं का?

नदीकाठ: अजिबात नको!! कुत्र्याने खाल्ली तर विष आहे ते. गोचिडी चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढायच्या, चिरडायच्या नाहीत. बोटांच्या बेचक्यात आणि कानाच्या आत बघ.

धागाकर्ता: गोट्याच्या पोटाखाली असायच्या. पाय इंचभर, पोटच गवतातून चालायचं.

पाचवा मजला: काढल्या ताई, अकरा निघाल्या. औषध कुठलं?

नदीकाठ: डॉक्टरला विचार. वजनावर असतं.

पाचवा मजला: काट्यावर उभाच राहत नाही तो.

नदीकाठ: त्याला उचलून तू उभी राहा. मग तुझं वजा कर.

पाचवा मजला: नवऱ्याला सांगते उचलायला.