मदत हवी आहे: अभंगाखाली टाकलेलं मिडी जुळतच नाहीये, सप्ताह ९ दिवसांवर

टाळकरी_नवा
चार दिवस झाले, डोकं बधिर झालंय. आमच्या भजनी मंडळाचे ५ अभंग गावच्या सप्ताहासाठी रेकॉर्ड केलेत. पहिल्यातच अडकलोय. खाली मिडीने, म्हणजे कॉम्प्युटरच्या वाद्यांनी, बेस आणि थोडे स्ट्रिंग्ज टाकलेत. पहिला चरण बरोबर जातो, दुसऱ्यापासून मिडी मागे पडतं आणि शेवटी तर कशाचा कशाला मेळ नाही. टेम्पो बदलला तर गाणं पाण्यातून आल्यासारखं वाजायला लागलं. क्लिप्स हाताने सरकवून थकलो. कसं जुळवायचं ते कोणीतरी नीट सांगा. लवकर, प्लीज.

मध्यलय
सॉफ्टवेअर कोणतं? क्लिकवर (कानात टिकटिक लावून) गायलेत की मोकळं? किती ट्रॅक, सगळे एकदम की एकेक? टेम्पो (मिनिटाला किती मात्रा) किती होता, किती केलात? हे कळल्याशिवाय कोणी काय सांगणार?

गोधडी_स्टुडिओ
माझा अनुभव सांगतो. खोलीत भिंतीला दोन जाड गोधड्या टांगा आणि खाली सतरंजी अंथरा. माईक तोंडापासून वीतभर लांब. निम्मे प्रश्न इथेच सुटतात. आम्ही गणपतीच्या आरत्या अशाच केल्या, ऐकणाऱ्याला घरची खोली आहे हे ओळखू आलं नाही.

लूपवाला
एबलटन लाइव्ह सॉफ्टवेअर घ्या. वॉर्प (ऑडिओ ताणून लयीला बसवणं) चालू करायचं, क्वांटाइझ (ठोके नेमके मात्रेवर खेचणं) मारायचं, विषय संपला. गाणं ग्रिडवर, म्हणजे मात्रांच्या रेघांवर, येतं आणि मिडी आपोआप जुळतं. मी सगळं असंच करतो.

टाळकरी_नवा
रेकॉर्डिंग झालंय हो, गोधड्यांचं पुढच्या वेळी बघतो. सॉफ्टवेअर रीपर, विंडोजचा लॅपटॉप. नवीन विकत घ्यायला पैसे नाहीत. माईक ३ होते: गाणं, पेटी, पखवाज, एकाच वेळी. क्लिक नाही, भजनाला क्लिक कोण लावतं? टेम्पो १२० दिसत होता, पहिल्या चरणाचा अंदाज घेऊन ७२ केला तर ४ मिनिटांचा अभंग ६ मिनिटं ४० सेकंदांचा झाला. म्हणून परत १२० केला.

तारजोडणी
सॅम्पल रेटचा, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्याचा, घोळ आहे. काही ४४१०० वर, काही ४८००० वर झालं असणार.

मध्यलय
नाही. तसं असतं तर लांबी जेमतेम ९ टक्के बदलली असती आणि सूरही साधारण दीड अर्धस्वर, म्हणजे पेटीच्या दीड पट्टीइतका, सरकला असता. यांचा सूर तोच राहिलाय. आणि १२० भागिले ७२ करा, १.६७ येतं. ४ मिनिटांचे बरोबर ६ मिनिटं ४० सेकंद. म्हणजे टेम्पो बदलल्यावर रीपरने ऑडिओ मात्रांना बांधलेला समजून ताणला. मूळ सेटिंगच तसं असतं.

टाळकरी, तिन्ही ऑडिओ क्लिप निवडा, एफ२ दाबा, 'आयटम टाइमबेस' मध्ये 'टाइम' करा. मिडीच्या क्लिपना हात लावू नका, त्या मात्रांवरच राहू द्या. आता टेम्पो कितीही बदला, गाणं जागचं हलणार नाही.

टाळकरी_नवा
केलं. टेम्पो ७२ केला, गाणं हललं नाही! मिडी पहिल्या चरणाला तंतोतंत बसलं. पुढे मात्र परत सुटतं. आणि दुसऱ्या चरणापासून पखवाजाची थाप दोनदा ऐकू येते, धा-धा अशी. ते आधीपासूनच होतं, मला वाटलं देवळाचा घुमारा.

पेटीवाली
देवळाचा घुमारा पहिल्या चरणात का नाही मग? मध्ये काही कापलंय का?

टाळकरी_नवा
हो, काकांचा खोकला होता पहिल्या चरणानंतर. गाण्याच्या ट्रॅकवर दोन्ही बाजूंनी 'एस' दाबून तुकडा पाडला आणि उडवला. छोटासाच होता, पाव सेकंदाचा. त्याने काय होणार?

पेटीवाली
त्यानेच झालंय, दादा. रिपल एडिटिंग (तुकडा उडवला की मागचं आपोआप सरकून जागा भरतं ते) चालू राहिलंय, तेही फक्त त्या ट्रॅकपुरतं. तुकडा उडवला की मागचं सगळं गाणं पाव सेकंद पुढे येऊन चिकटलं, पेटी आणि पखवाज जागेवरच राहिले. पखवाज गाण्याच्या माईकमध्येही शिरलेला असतो, म्हणून थाप आधी गाण्याच्या ट्रॅकमधून येते आणि मग पखवाजाच्या. ऑल्ट-पी दाबत रिपल बंद होईपर्यंत जा, वरच्या बटणाकडे बघा.

मध्यलय
पेटीवाली ताईंनी बरोबर पकडलं. आता गाण्याचे तुकडे मागे ढकला आणि मोठं करून बघत पखवाजाची थाप थापेवर ठेवा.

तारजोडणी
थापेवर थाप ठेवू नका! गाणारे पखवाजापासून २ मीटरवर बसले असतील तर आवाज त्यांच्या माईकपर्यंत ६ मिलिसेकंद उशिराच पोचतो. तो उशीर खरा आहे, तो पुसलात तर गाणं मुळापेक्षा आधी येईल.

मध्यलय
६ मिलिसेकंद कोणाला ऐकू येतात, सांगा बरं. गावातल्या कर्ण्यावर वाजणार आहे ते.

तारजोडणी
कर्ण्यावर वाजो नाहीतर कुठेही, बिघडवायचं कशाला?

पेटीवाली
दोघांनाही भांडायची गरज नाही. रीपर मूळ फाइल कापत नाही, फक्त कुठून कुठपर्यंत वाजवायचं तेवढं लक्षात ठेवतो. प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये गाण्याची मूळ वेव फाइल अख्खी पडलेली आहे. नवीन ट्रॅकवर ती आणा, सुरुवात पखवाजाच्या क्लिपच्या सुरुवातीशी टेकवा. तिन्ही एकत्र सुरू झाले होते, त्यामुळे आपोआप जागेवर येईल, उशिरासकट. नव्या क्लिपलाही 'टाइम' करा. मग तिन्ही निवडून 'जी' दाबून गट बांधा. खोकला उडवू नका, तेवढ्यापुरता आवाज खाली घ्या.

लूपवाला
मग वॉर्प का नाही करत ते अजून कळलं नाही.

पेटीवाली
कारण तिन्ही माईकमध्ये तिन्ही वाद्यं आहेत. एकच ट्रॅक ताणला तर शिरलेला आवाज वेगळा होतो, आत्ता ऐकू येतंय तसाच. आणि भजनाची लय चढायचीच असते. ती ग्रिडवर सपाट केली तर पखवाजवाले परत तुमच्यासोबत बसणार नाहीत.

लूपवाला
लय चढते ती ठरवून की नकळत, हेही बघा. नकळत चढलेली लय सुधारली तर काय बिघडलं?

टाळकरी_नवा
ठरवूनच चढवतात आमचे काका. ते सुधारायचं नाहीये मला. मूळ फाइल आणली, थाप एक झाली. देवा! ताई, खूप आभार. आता मिडीचं?

मध्यलय
भजनी ठेका ८ मात्रांचा, म्हणजे ४/४ चे दोन बार. ७२ ला एक आवर्तन ६.७ सेकंदांचं. शेवटी काका ९६ वर गेले असतील तर तेच ५ सेकंदांचं. एका आकड्याने हे जमणार नाही, टेम्पो मॅप लागेल, म्हणजे आवर्तनागणिक वेगळा टेम्पो. समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) पुढच्या समेपर्यंत टाइम सिलेक्शन करा आणि त्या भागाचा मेजर (बार) करणारी ॲक्शन चालवा, ॲक्शन लिस्टमध्ये 'मेजर फ्रॉम टाइम सिलेक्शन' शोधा. सॉफ्टवेअर एकच बार धरून टेम्पो लावत असेल तर आवर्तनाच्या मध्यावर, पाचव्या मात्रेला तोडून अर्धं-अर्धं करा. सम पखवाजाच्या ट्रॅकवर शोधा, गाण्याच्या नाही. जुनं मिडी नजरेने लावलेलं आहे, ते टाकून द्या आणि मॅप झाल्यावर परत काढा.

तारजोडणी
चाळीसेक आवर्तनं होतील, दोन तास जातील. त्यापेक्षा स्नॅप (सूर आपोआप रेघेला चिकटणं) बंद करून बेस हाताने वाजवा आणि मिडी तसंच ठेवा. ४ मिनिटांचा अभंग, चार प्रयत्नांत होतो. कान लयीबरोबर चालतात.

मध्यलय
हात बसलेला असेल तर. नसेल तर दोन तास घालवलेले बरे.

पेटीवाली
आणखी एक. पेटी कोणत्या पट्टीत? जुनी पेटी क्वचितच ४४० ला (सिंथच्या नेहमीच्या सुराला) असते. बेसचा षड्ज पेटीच्या षड्जाशी एकदा घासून बघा, ट्यूनर लावून. फरक असला तर सिंथचं फाइन ट्यून तेवढं हलवा, पेटीला हलवू नका.

टाळकरी_नवा
काळी दोन. ट्यूनरवर १८ सेंट (एका पट्टीचे १०० सेंट) खाली आली! स्ट्रिंग्ज आंबट का वाटत होते ते आत्ता कळलं.

रात्री बसलो, सव्वीस आवर्तनं मॅप झाली. दुसऱ्या चरणापर्यंत बेस समेवर पडतोय. खोकला खाली घेतला तर त्याच्यामागची थापही जाते, म्हणून अर्धाच खाली घेतलाय. नवा प्रश्न: बेसची क्लिप कॉपी करून पुढे टाकली आणि शेवटच्या चरणात एक सूर बदलला, तर पहिल्या चरणातही बदलला. असं का?

मध्यलय
ती कॉपी एकाच पूलमध्ये आहे, म्हणजे दोन्ही क्लिप एकच मिडी वाजवतात. क्लिप निवडा, ॲक्शन लिस्टमध्ये 'अन-पूल' शोधा आणि शेवटच्या चरणाची क्लिप वेगळी काढा. बाकीच्या राहू द्या, एकदा ठेका बदलायचा झाला तर सगळीकडे एकदम बदलेल.

गोधडी_स्टुडिओ
उरलेल्या चार अभंगांचं मिक्सिंग करण्याआधी गोधड्या लावून परत गाऊन घ्या, अजून ९ दिवस आहेत.

टाळकरी_नवा
आता ८.