कोलकात्याचे ऐतिहासिक चायनाटाउन नेमके कुठे संपते?

(या चर्चेतले चौघेही टोपणनावांनी लिहितात.)

गल्लीशोधक (मूळ मांडणी)

कोलकाता पाहून आलेली माणसे ‘चायनाटाउन पाहिले’ असे सांगतात, तेव्हा त्यांनी कोणते पाहिले हे विचारून घ्यावे लागते. कोणी शहराच्या पूर्वेकडे टांगऱ्यात रात्री जेवून आलेले असतात, तर कोणी रविवारी पहाटे पोद्दार कोर्टाच्या मागे उभ्या उभ्या फिश बॉलचे सूप पिऊन आलेले असतात. दोन्ही ठिकाणांना लोक सर्रास एकच नाव देतात; फार तर टांगऱ्याला ‘नवे चायनाटाउन’ म्हणतात. ‘ऐतिहासिक चायनाटाउन’ हा शब्द मात्र फक्त दुसऱ्या ठिकाणाला, म्हणजे तिरेट्टा बाजाराला लावावा आणि त्याची हद्द स्पष्टपणे आखावी, असे माझे मत आहे.

तिरेट्टा बाजाराचे नाव चिनी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. एदुआर्दो तिरेट्टा नावाचा एक इटालियन गृहस्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात रस्ते आणि इमारती यांचा अधीक्षक होता. हा बाजार त्याच्या मालकीचा होता आणि पुढे दिवाळे निघाल्यावर तो त्याला सोडतीत काढावा लागला. बंगाली लोक आजही त्याला टेरिटी बाजार म्हणतात. या बाजाराच्या आसपास चिनी सुतार, चांभारकाम करणारे आणि खलाशी राहू लागले. 1837 सालच्या पोलिसांच्या गणनेत शहरात 362 चिनी असल्याची नोंद आहे. म्हणजे ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या पहिल्या अफू युद्धापूर्वीच (1839) येथे दखल घेण्याजोगी वस्ती झालेली होती.

हद्द कशावरून ठरवायची? खाण्याच्या गाड्यांवरून किंवा लाल कंदिलांवरून नव्हे, तर वस्तीने स्वतःसाठी उभारलेल्या संस्थांवरून ती ठरवावी. येथील मंदिरांना इंग्रजी राजवटीपासून ‘चर्च’ म्हणतात आणि त्यामुळे नवखा माणूस हमखास गोंधळतो. डॅमझेन लेनमधले नाम सून चर्च, छातावाला गल्लीतले सी इप चर्च, ब्लॅकबर्न लेनमधले तुंग ऑन चर्च ही एकाच वेळी देवस्थाने आहेत आणि एकाच मुलखातून आलेल्या लोकांच्या सभागृहवजा संस्थाही आहेत. नव्याने आलेल्याला निवारा, आजाऱ्याला मदत, मेलेल्याला मूठमाती आणि उरलेल्यांना पत्ते-माजाँग खेळायला जागा ही त्यांची खरी कामे होती. अशा पाच-सहा संस्था एकमेकांपासून चालत काही मिनिटांच्या अंतरावर आहेत. त्यांना धरून रेषा काढली, तर पश्चिमेला रवींद्र सरणी, दक्षिणेला बहुबाजारचा रस्ता, पूर्वेला चित्तरंजन अॅव्हेन्यू आणि उत्तरेला फियर्स लेनच्या आसपासचा भाग अशी हद्द येते. या चौकोनाबाहेर चिनी माणसे राहिली, त्यांनी व्यापारही केला, पण ते चायनाटाउन नव्हते.

पाणथळ

आपली मांडणी रेखीव आहे, पण तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. जे आधीचे तेवढेच ऐतिहासिक आणि जे नंतरचे ते केवळ ‘नवे’, असे ते गृहीतक होय. टांगऱ्यात हाक्का (दक्षिण चीनमधला, स्वतःची वेगळी बोली असलेला समाज) चर्मकारांनी कारखाने काढायला सुरुवात केली ती 1910 च्या आसपास, म्हणजे त्यालाही शंभर वर्षे उलटून गेली. मुंबईतल्या किती तरी चाळींना आपण यापेक्षा कमी वयावर ‘ऐतिहासिक’ म्हणतो.

ते लोक तिथेच का गेले, हेही पाहिले पाहिजे. कातडे कमावण्याला पाणी भरपूर लागते, सांडपाणी सोडायला जागा लागते आणि त्याची दुर्गंधी कोणालाही शेजारी नको असते. शहराच्या पूर्व कडेची पाणथळ जमीन त्यासाठी सोयीची होती आणि सरकारी कत्तलखानाही टांगऱ्यातच असल्यामुळे कच्चा माल दाराशी मिळत होता. खाली हौद आणि वर बिऱ्हाड अशा पद्धतीने तिथे एक संपूर्ण कारखानदार समाज उभा राहिला. हाताखाली काम करणारे मजूर मुख्यतः बिहारमधून आलेले होते. त्यामुळे या समाजाची रोजची भाषा हाक्का, हिंदी आणि बंगाली यांच्या मिश्रणातून घडली.

संस्थांचाच निकष लावायचा असेल तर टांगऱ्यात पेई मे ही चिनी शाळा होती. 1969 साली सुरू झालेले आणि 2020 मध्ये बंद पडलेले सिऑंग पाव हे चिनी दैनिक टांगऱ्यातूनच निघत असे. चिनी काली मंदिर तर तिथले प्रसिद्धच आहे. झाडाखाली शेंदूर लावलेल्या काळ्या दगडांना नमस्कार करता करता चिनी कुटुंबांनी कालीचे देऊळ बांधले आणि तिथे नूडल्सचा प्रसाद मिळतो. वस्तीने स्वतः घडवलेली याहून बोलकी संस्था दुसरी कोणती असणार? आपल्याला हवी तशी ती दोनशे वर्षे जुनी नाही, एवढाच तिचा दोष.

गल्लीशोधक

टांगऱ्याचे महत्त्व मी नाकारत नाही, पण त्याचा प्रकार वेगळा आहे असे म्हणतो. टांगरा ही प्रामुख्याने एका बोलीच्या आणि एका धंद्याच्या लोकांची औद्योगिक वसाहत होती. तिरेट्टा बाजारात कँटनी सुतार, हाक्का जोडे करणारे आणि हुपे प्रांतातून आलेले दात बसवणारे असे परस्परांची बोली धड न कळणारे लोक शेजारी शेजारी राहत होते. परक्या शहरात ‘चिनी’ म्हणून एकत्र ओळखले जाण्याची प्रक्रिया तिथे घडली आणि त्याच अर्थाने मी तिला चायनाटाउन म्हणतो. नाही तर कातड्याच्या धंद्यासाठी धारावीत वसलेल्या तमिळ चर्मकारांच्या वस्तीलाही आपल्याला ‘मद्रास टाउन’ म्हणावे लागेल.

काली मंदिराचे आपले उदाहरण सुंदर आहे, परंतु ते माझ्या बाजूने बोलते. ती चिनी समाजाची बंगालमध्ये मुरल्याची खूण आहे. चायनाटाउन म्हणजे मुरण्यापूर्वीची अवस्था.

बंदरवाटा

दोघांनाही माझा आक्षेप एकच आहे. ज्यांचे आयुष्य बंदर, कारखाना आणि बाजार यांच्यामध्ये फिरत होते, अशा लोकांचे गाव तुम्ही दोघेही चार रस्त्यांत कोंडू पाहता.

सुरुवातीपासूनच पाहा. कोलकात्याच्या चिनी समाजाची मूळकथा शहरात घडलीच नाही. तोंग आच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला वॉरन हेस्टिंग्जने हुगळीच्या काठी बजबजजवळ जमीन दिली आणि त्याने तिथे ऊस व साखरेचा कारखाना चालवण्यासाठी आपल्या मुलखातून मजूर आणले. त्या गावाला त्याच्याच नावावरून अच्छीपूर म्हणतात. नदीकाठी त्याची घोड्याच्या नालेच्या आकाराची लाल कबर आहे आणि चिनी नववर्षानंतर कोलकात्याचे चिनी लोक अजूनही तिथल्या मंदिरात जातात. (बंगालीत साखरेला ‘चिनी’ म्हणतात ते या आच्यूमुळेच, अशी एक लाडकी समजूत आहे. ती टिकत नाही, कारण तो येण्याच्या कितीतरी आधीपासून बंगालीत तो शब्द वापरात होता.) जो समाज वर्षातून एकदा शहर सोडून आपल्या आद्य पुरुषाच्या कबरीकडे जातो, त्याच्या ‘ऐतिहासिक हद्दी’त ती कबर धरायची नाही, हे कोणत्या न्यायाने?

शहरातही तेच आहे. बेंटिंक स्ट्रीट, म्हणजे पूर्वीची कसाईटोला, ही चिनी जोड्यांच्या दुकानांची रांग म्हणून सगळ्या कोलकात्याला माहीत होती. तुमच्या चौकोनात ती येत नाही. एकोणिसाव्या शतकात युद्धदेव क्वान तीचे मंदिर धर्मतल्ल्याजवळ असल्याचे आणि कँटनी सुतार बहुबाजारच्या रस्त्यावर एकवटल्याचे उल्लेख आहेत. खिदिरपूरच्या गोद्यांत याच सुतारांनी जहाजे दुरुस्त केली. त्यांची घरे एका टोकाला आणि हातांना काम दुसऱ्या टोकाला होते.

आणि हद्द पार शहरापलीकडेही जाते. सी इप म्हणजे ग्वांगडोंग प्रांतातले ‘चार तालुके’. कोलकात्याचे सी इप चर्च 1905 चे आहे. मुंबईत माझगावला डॉकयार्ड रोडपाशी 1919 सालचे सी यूप कून मंदिर आहे, तेही त्याच चार तालुक्यांतल्या लोकांचे. मी तिथे गेलो आहे. जुन्या इमारतीच्या अरुंद जिन्याने वर चढल्याशिवाय त्याचा पत्ताच लागत नाही. त्या लोकांच्या मनातला नकाशा माझगाव, छातावाला गल्ली आणि ग्वांगडोंग यांना जोडणारा होता. चित्तरंजन अॅव्हेन्यू त्यात कुठेही नव्हता.

काटकोन

चित्तरंजन अॅव्हेन्यूचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. मूळ मांडणीत हा रस्ता चायनाटाउनची पूर्व सीमा म्हणून दिला आहे, पण हा रस्ता चिनी वस्तीपेक्षा शंभराहून अधिक वर्षांनी लहान आहे. कोलकाता सुधार न्यास 1912 साली कामाला लागला आणि दाट वस्त्या कापून रुंद रस्ते काढणे हे त्याचे मुख्य काम होते. तेव्हाचा सेंट्रल अॅव्हेन्यू हा त्याचाच. स्वातंत्र्यानंतरही रस्त्याच्या योजनेत जुन्या चिनी वस्तीची मोठी पाडापाडी झाली आणि ज्याच्या मागे आपण रविवारचा नाश्ता करतो तो पोद्दार कोर्ट ही त्यानंतर उभी राहिलेली इमारत आहे. तुंग ऑन चर्चसारखी भव्य वास्तू कचऱ्याच्या ढिगाशेजारी एकटी पडलेली दिसते, याचेही कारण तिच्या भोवतालची वीण उसवलेली आहे हेच होय. तिच्याच तळमजल्यावर एके काळी नानकिंग हे नामवंत उपाहारगृह होते. तेव्हा गल्लीशोधक यांचा चौकोन मला वस्तीची हद्द वाटत नाही. पाडणाऱ्यांनी जेवढे शिल्लक ठेवले तेवढ्याची ती मोजणी आहे.

असे असूनही बंदरवाटा यांच्याशी मी सहमत होणार नाही. व्यवसायाने नियोजनाशी संबंध असल्यामुळे सांगतो, की ज्याला कडा नाही त्याचे रक्षण कोणत्याही कायद्याला करता येत नाही. मुंबईच्या 1995 च्या वारसा नियमावलीत एकेकट्या इमारतींबरोबर परिसरांचाही समावेश झाला. कोलकात्याची वारसा यादी मुख्यतः एकेका वास्तूची आहे. मंदिर यादीत असते, पण त्याच्यासमोरची गल्ली, पिढीजात सॉसचे दुकान आणि वरच्या मजल्यावरची बिऱ्हाडे नसतात. ‘नकाशा मनात आहे’ असे उत्तर पालिकेच्या अधिकाऱ्याला देऊन पाहा.

पाणथळ

काटकोन यांचा मुद्दा मला पटतो, पण तो टांगऱ्यालाही लागू होतो आणि तिथे तर तो अधिक तीव्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये कोलकात्याचे चर्मोद्योग शहराबाहेर बानतल्ल्याच्या चर्मसंकुलात हलवण्याचा आदेश दिला. प्रदूषण खरे होते आणि तो आदेश चुकीचा होता असे मी म्हणत नाही. परंतु त्यानंतर टांगऱ्यातले हौद बुजले, काही शेडांची उपाहारगृहे झाली आणि काही जमिनींवर बहुमजली इमारती आल्या. रंगीत दिव्यांच्या ज्या टांगऱ्याला पाहून गल्लीशोधक यांना ते उथळ वाटते, तो टांगरा एका उद्योगाच्या अंतानंतरचा आहे.

शिवाय या चर्चेत अजून कोणी 1962 चे नाव काढलेले नाही, याचे मला आश्चर्य वाटते. चीनशी युद्ध झाल्यावर सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना, त्यांत आसाम आणि दार्जिलिंगकडचे पुष्कळ, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबण्यात आले. कोलकात्यातल्यांना पोलिसांकडे हजेरी आणि प्रवासावर बंधने आली, अनेकांच्या नोकऱ्या गेल्या. पुढच्या काही दशकांत माणसे कॅनडाला, विशेषतः टोरोंटोला निघून गेली. एके काळी वीस हजारांच्या घरात सांगितली जाणारी संख्या आज दोन हजारांच्या आसपास असल्याचे म्हणतात. बोलींतला फरक त्या वर्षी कोणत्याही हवालदाराने विचारात घेतला नाही. परक्या शहरात ‘चिनी’ म्हणून एकत्र ओळखले जाणे हा आपला निकष असेल, तर ती ओळख टांगऱ्यावरही तितकीच लादली गेली होती.

गल्लीशोधक

यातले दोन मुद्दे मला मान्य करावे लागतील. पूर्वेची सीमा मी मागे घेतो. रस्ता आहे म्हणून तिथे हद्द आहे असे धरण्यात माझी चूक झाली, आणि पाडलेल्या गल्ल्या जुन्या नकाशांवरून हुडकून त्या हद्दीत दाखवल्याच पाहिजेत, मग आज तिथे एकही चिनी दार नसले तरी चालेल. ‘नवे चायनाटाउन’ हा शब्दही मी टांगऱ्यासाठी यापुढे वापरणार नाही. त्याला टांगराच म्हणावे, हे उत्तम.

अच्छीपूर मात्र मी हद्दीत घेणार नाही. पंढरपूरला जाणाऱ्या वारकऱ्याचे गाव पंढरपूरपर्यंत पसरत नाही. तीर्थ वेगळे आणि वस्ती वेगळी, हा फरक आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागू नये.

बंदरवाटा

वारकऱ्याला आपल्या गावातून कोणी रस्ता काढून उठवलेले नसते, म्हणून त्याला हा फरक परवडतो. बरे, अच्छीपूर राहू द्या. बेंटिंक स्ट्रीटचे काय? पूर्वेची सीमा आपण सोडली, मग दक्षिणेचीच का धरून बसला आहात? बहुबाजारचा रस्ता ओलांडला की लगेच ती रांग सुरू होते.

गल्लीशोधक

कारण त्या रांगेत गिऱ्हाईक कोलकात्याचे होते. साहेब, बाबू, मारवाडी असे सगळे तिथे जोडे घ्यायला येत आणि दुकानदार त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलत. छातावाला गल्लीत बाहेरच्या माणसाचे काही काम नसे. जिथे शहर चिनी माणसाकडे येते ती त्याची पेठ, आणि जिथे तो दार लावून आपल्या लोकांत बसतो ती त्याची वस्ती, असा भेद मी करतो. दक्षिणेची रेषा बहुबाजारच्या रस्त्यावरच राहील.

काटकोन

तसे असेल तर रविवारी पहाटे सन यत-सेन स्ट्रीटवर आपण सगळे बाव (वाफवलेले, सारण भरलेले चिनी पाव) आणि मोमो खायला जातो, तो तुकडाही आपल्याला हद्दीतून वगळावा लागेल. तिथे आता गिऱ्हाईक तर बाहेरचे आहेच, बरेचसे विक्रेतेही बाहेरचे आहेत.