ऑफिसच्या कॉम्प्युटरचं तापमान १२७?

बी-२०३ (सेक्रेटरी): सोसायटी ऑफिसचा कॉम्प्युटर बंद करून ठेवलाय. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत तापमान १२७ दाखवत होता. दुरुस्तीवाला म्हणतो मदरबोर्ड गेला, नवा घ्यावा लागेल. मेंटेनन्सच्या पावत्या उशिरा निघतील, कृपया समजून घ्या.

ए-१०१: १२७?? अहो, पाणी १०० ला उकळतं! शेजारीच मीटररूम आहे. अजिबात चालू करू नका.

सी-५०४: काका, तुमची काळजी बरोबर आहे. पण पैसे घालवण्याआधी मला बघू द्या. सेक्रेटरी काका, मशीन चालू केल्या केल्याच १२७ होतं का?

बी-२०३: हो, सकाळी बटण दाबलं तेव्हापासून. एक अंशही हललं नाही.

सी-५०४: रात्रभर बंद असलेलं मशीन सुरू होतानाच एवढं तापलेलं कसं असेल? शिवाय हा इंटेलचा प्रोसेसर १०० च्या आसपास गेला की आपणहून वेग कमी करतो, त्यापुढे मशीनच बंद पडतं. किल्ली घ्यायला येते.

सी-५०४: पाहिलं. टर्मिनलमध्ये, म्हणजे टाइप करून आज्ञा द्यायच्या खिडकीत, तापमानं दाखवणारी ‘सेन्सर्स’ कमांड दिली. आकडे दोन ठिकाणांहून येतात. ‘कोअरटेम्प’ म्हणजे प्रोसेसरच्या आतलं माप, ते ४१ आहे. दुसरे आकडे मदरबोर्डवरच्या चिपचे, ‘एनसीटी६७७५’ ड्रायव्हरकडून (ती चिप वाचणाऱ्या छोट्या प्रोग्रामकडून) येणारे. त्या चिपला तापमानाच्या बऱ्याच पिना असतात, पण बोर्ड बनवणारे सगळ्या जोडतातच असं नाही. आपल्या बोर्डावर ‘ऑक्सटिन२’ नावाच्या पिनेला काहीच जोडलेलं दिसत नाही, म्हणून आकडा टोकाला जाऊन बसलाय. अधिक-उणे चिन्हासकट ८ बिटांत, म्हणजे ०-१ च्या आठ घरांत, मावणारा सगळ्यात मोठा आकडा १२७ च.
खात्री करायला दहा मिनिटं प्रोसेसरचे सगळे कोअर (आतले काम करणारे भाग) जोरात पळवले. कोअरटेम्प ६६ पर्यंत चढला, थांबवल्यावर उतरला. १२७ जागचं हललं नाही.

डी-३०२: ताई, माझा राइझेन ७ १७००एक्स प्रोसेसर नुसता बसून ६० दाखवतो. माझीपण पीन मोकळी?

सी-५०४: नाही दादा, तुमचं वेगळं. त्या मॉडेलचा ‘टीसीटीएल’ आकडा पंख्याच्या नियंत्रणासाठी मुद्दाम २० ने वाढवलेला असतो. ‘टीडाय’ची ओळ बघा, खरं तापमान ते.

ए-१०१: मग ऑफिसच्या पट्टीतून सगळंच काढून टाक ना. उगाच धास्ती.

सी-५०४: नको काका. उद्या पंखा खरंच अडकला तर कळणार कसं? सेटिंग्जच्या ‘ईटीसी’ फोल्डरमधल्या ‘सेन्सर्स.डी’ फोल्डरमध्ये छोटी फाइल टाकलीय: वर चिपचं नाव, खाली ‘इग्नोर टेम्प५’, म्हणजे ऑक्सटिन२ची ओळ दाखवू नको. कमांडला ‘-यू’ जोडून आधी क्रमांक तपासला, नाहीतर चुकून चांगली ओळ झाकली जाते. पट्टीत आता कोअरटेम्पचा ‘पॅकेज’ (अख्ख्या प्रोसेसरचा) आकडा लावलाय.

बी-२०३: ४३ दिसतंय! मदरबोर्डची ऑर्डर थांबवली. पावत्या आज संध्याकाळीच काढतो. फार मोठं काम केलंस.

सी-५०४: पंख्यावर धूळ मात्र खूप आहे. रविवारी साफ करू या का?

ए-१०१: मी ब्लोअर घेऊन येतो.

सी-५०४: या काका. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, फिरू द्यायचं नाही. ते मी धरते.