मदत हवी आहे: पिरान्हाच्या टाकीचं पाणी पांढुरकं होतंय, मासे मरतायत

बारक्या_पाटील: मंडळी, अर्जंट आहे. हौसेने पिरान्हा आणलेत. पाणी सारखं दुधाळ होतंय, काल दोन गेले, उरलेले वर येऊन आ वासतायत. फिल्टर चालू आहे, पाणी रोज बदलतो. कोणतं औषध टाकू? 'असले मासे पाळूच नयेत' हे प्रवचन नको.

मत्स्यगंधा: टाकी केवढी, मासे किती, लावून किती दिवस झाले, पाणी नळाचं की बोअरचं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

खेकडा_बुद्धी: मिथिलीन ब्लूचे ५ थेंब आणि मूठभर खडेमीठ. आमच्याकडे सगळ्या आजारांवर हेच.

मत्स्यगंधा: मिथिलीन ब्लू चालत्या टाकीत नको, फिल्टरमधले उपयोगी जीवाणू मरतात. आजार कोणता ते कळू तर द्या.

बारक्या_पाटील: टाकी नेहमीचीच, दोन फुटी. मासे ८ होते. रविवारी टाकी मांडली, संध्याकाळी मासे सोडले. पाणी बोअरचं. फिल्टरचा स्पंज रोज नळाखाली चोळून धुतो, एकदम लख्ख.

शांताराम_काका: पिरान्हाची जागा चुकली असेल. ईशान्येला अरोवाना मासा ठेवा, घरात पैसा टिकतो.

मत्स्यगंधा: काका, इथे मासे टिकेनात.

टाकीवाला_डोंबिवली: पाटील, औषध नकोच. दोन बाय एक बाय सव्वा फूट धरली तर जेमतेम ७० लिटर पाणी. त्यात ८ मासे, तेही पहिल्याच दिवशी. माशांच्या विष्ठेतून अमोनिया सुटतो. एक जातीचे जीवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे त्याचा नायट्रेट. ही फौज तयार व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, आणि ती मुख्यतः स्पंजवरच बसते. तो रोज धुतला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. बोअरच्या पाण्याचा पीएच (अल्कधर्मीपणा) जास्त असेल तर तोच अमोनिया आणखी विषारी होतो. दुधाळपणा नव्या टाकीत येतोच, आपोआप जातो.
खरे लाल पोटाचे पिरान्हा २५ ते ३० सेंमी होतात. चारांनाच निदान ४०० लिटर लागतं. जागा कमी पडली की एकमेकांची शेपटी तोडतात.

खेकडा_बुद्धी: ४०० लिटर? माझ्या मित्राकडे तीन फुटीत मजेत आहेत.

टाकीवाला_डोंबिवली: किती वर्षांपासून?

खेकडा_बुद्धी: दिवाळीपासून.

रानवारा: पिरान्हा अख्खी गाय मिनिटात संपवतात, खरं आहे का हो?

टाकीवाला_डोंबिवली: नाही. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या १९१४ च्या पुस्तकाने पिरान्हाचा दरारा वाढवला. प्रत्यक्षात काचेवर टिचकी मारली तरी कोपऱ्यात पळतात.

मत्स्यगंधा: पाटील, तुमचे खातात काय?

बारक्या_पाटील: तीच तर दुसरी तक्रार. चिकनकडे ढुंकून बघत नाहीत. काकडीची चकती मात्र बियांसकट साफ.

मत्स्यगंधा: मेलेल्या माशाचे दात बघितलेत? पिरान्हाचे त्रिकोणी, करवतीसारखे असतात आणि खालचा जबडा पुढे येतो.

बारक्या_पाटील: डीप फ्रीजमध्ये ठेवलाय, थांबा. चौकोनी आहेत, आपल्या दाढांसारखे. वर दोन ओळी दिसतायत. पण दुकानदार पिरान्हाच म्हणाला होता!

मत्स्यगंधा: मग हा रूपचंद, म्हणजे पाकू. हाही दक्षिण अमेरिकेतलाच, पण दाणे-फळं फोडून खाणारा. लहानपणी लाल पोटामुळे हुबेहूब पिरान्हा दिसतो, म्हणून त्या नावाने खपतो. पुढे पिरान्हाहून कितीतरी मोठा होतो, किलोच्या वर सहज.

सुगरण_ताई: रूपचंद होय! आले-लसूण, कोकमाचं आगळ लावून अर्धा तास ठेवायचा. काटे मोठे असल्याने मुलंही खातात.

बारक्या_पाटील: ताई, ते पाळलेत. असो, एवढे वाढणार असतील तर गावच्या तळ्यात सोडून देतो.

भिगवणकर: अजिबात नको! उजनीत आधीच चिलापी माजलाय. त्यात कुणाच्या तरी टाकीतला सकर मासा आला, त्याच्या काट्यांनी आमची जाळी फाटतात. दुकानदाराला परत करा, नाहीतर मोठ्या टाकीवाल्याला द्या.

बारक्या_पाटील: बघतो. आत्ता काय करू ते एका ओळीत सांगा.

टाकीवाला_डोंबिवली: निम्मं पाणी बदला, नवं त्याच तापमानाचं हवं, एअर पंप लावा, दोन दिवस खायला घालू नका, स्पंजला हात नको. पुढे कधी धुवायचाच झाला तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळा. आणि अमोनियाचं टेस्ट किट आणा.

खेकडा_बुद्धी: मीठ टाकाच.

रानवारा: सुगरणताई, तळताना वरून रवा की तांदळाचं पीठ?