एका बिघाडाने भागत नाही

कॅन्सरबद्दल ‘एक जनुक बिघडलं की पेशी सुटलीच’, म्हणजे बेलगाम वाढायला लागली, असं म्हणतात ते अर्धंच खरं. रास हे पेशीला विभाजनाचा हुकूम देणारं जनुक; त्याच्या दोनपैकी एक प्रत बिघडली तरी तो हुकूम मिळतच राहतो, पण आरबीसारख्या आवर घालणाऱ्या जनुकाच्या सहसा दोन्ही प्रती जाव्या लागतात. अमेरिकी संशोधक नूडसन यांनी १९७१ मध्ये लहान मुलांच्या डोळ्यातल्या गाठींवरून हे मांडलं.

आमच्या गुहागरकडे दातांना मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावणाऱ्या बायका अजून आहेत. मावशीच्या गालात आतून पांढरा चट्टा आला, खरवडूनही निघेना. तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता. तंबाखू डीएनएला इजा करतच असते, पण पी५३ हे पेशीवर पहारा ठेवणारं जनुक शाबूत असेल तर अशी पेशी विभाजनाआधी थांबते, दुरुस्त होते नाहीतर मरते. पी५३च गेलं तर बिघाड तसाच पुढच्या पेशींत उतरतो. मावशीने मिश्री सोडली. शेजारणी अजून ‘दात ठणकतात गो’ म्हणून लावतातच.