स्पेलचेकर गप्प, संपादिका नाही: इंग्रजी शब्दांचा घोळ कसा पकडता?

अर्धविराम:
माझ्या इंग्रजी कथांचं हस्तलिखित संपादिकेकडून परत आलंय. एका वाक्याशेजारी तिने लिहिलंय, "नायिका पडद्याआडून कुठलं शिखर गाठतेय?" मला म्हणायचं होतं की ती डोकावली. 'पीक' हवा होता ई-ई वाला, मी घातला ई-ए वाला. स्पेलचेकर काय बोलणार? शब्द डिक्शनरीत आहेच. पुढे दोन पानांवर तिसरा 'पीक', कुतूहल चाळवणारा, शेवटी क्यू-यू-ई असणारा. त्याचाही मी डोंगरच केलाय! 'अफेक्ट-इफेक्ट', 'डिस्क्रीट', 'इट्स'चा अपॉस्ट्रॉफी... रडगाणं तेच. आणि तीनदा मोठ्याने वाचून काढलं होतं हो सगळं.

जुनी_पाटी:
मोठ्याने वाचलंत तिथेच फसलात. कानाला तिन्ही 'पीक' सारखेच. आपल्याकडचे 'दिन' आणि 'दीन' बोलून बघा, समोरच्याला फरक कळतो का? वाक्य कुठे अडखळतं ते कान सांगतो, स्पेलिंग नाही सांगत.

मी फाइलमध्ये 'फाइंड' लावून एकेक शब्द तपासते. आख्ख्या इंग्रजीची यादी नको, आपल्या हातून जे चुकतं तेवढंच. माझ्या यादीत बारा जोड्या आहेत. 'इट्स' आला की तिथे 'इट इज' किंवा 'इट हॅज' घालून वाचायचं. बसलं तर अपॉस्ट्रॉफी, नाही बसलं तर काढून टाका. नामाची मालकी अपॉस्ट्रॉफीने दाखवतात म्हणून हात सवयीने तिकडे जातो, पण 'हिज', 'हर्स'ला कुठे असतो तो?

बाकी खुणा बाळबोध आहेत. डोकावायला दोन डोळे, म्हणून दोन ई. कॅपिटल ए डोंगरासारखा दिसतो. 'डिस्क्रीट' म्हणजे सुटंसुटं असेल तर मधला टी दोन ईंना वेगळं करतो. गाजावाजा न करणारा असेल तर दोन्ही ई एकमेकांना चिकटून बसतात.

खोडरबर:
अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम. विषय संपला.

जुनी_पाटी:
@खोडरबर, बहुतेक वेळा हो. पण 'इफेक्ट अ चेंज' म्हणजे बदल घडवून आणणं, तिथे इफेक्ट क्रियापदच आहे. आणि मानसशास्त्रात अफेक्ट हे नाम, म्हणजे माणसाच्या चेहऱ्यावर, वागण्यात दिसणारी भावना. कथेत मानसोपचारतज्ज्ञ असेल तर 'फ्लॅट अफेक्ट' लिहावं लागेल, तेव्हा घाईने दुरुस्त करू नका.

अर्धविराम:
लावला शोध. अकरा 'पीक' निघाले, त्यातले सात चुकीचे. भरघोस पीक म्हणायचं!
एक चूक मात्र मुद्दाम ठेवलीय. एका पात्राच्या पत्रात 'हरवणं' या अर्थाचा 'लूज' दोन ओ घालून लिहिलाय. तो माणूस तसंच लिहील. संपादिकेसाठी समासात चिठ्ठी टाकलीय, बघू ऐकते का.