‘छेद’ वर लिहायचा की खाली?

मालवणहून प्रश्न
नमस्कार. माझी भाची दहावीला आहे, शाळेसाठी आमच्याकडेच राहते. काल तिला एक गणित घातलं. वाडीत ४० घरं. २४ घरांची आंब्याची कलमं आहेत, १८ घरांचे काजू, आणि १० घरांचं दोन्ही. चिठ्ठी टाकून एक घर काढलं, तर त्याचं दोन्ही असण्याची संभाव्यता किती? वेन आकृती, म्हणजे एकमेकांवर चढलेली आंब्याची आणि काजूची दोन वर्तुळं, तिने सुबक काढली, मधल्या पाकळीत १० लिहिले, आणि खाली उत्तर काय, तर ४०/१०. म्हटलं, अगं उलटं झालं. तर म्हणते, “मावशे, छेद १० इलो. छेद खालीच असता ना गो?”

पोर चुकली असं मला म्हणवत नाही. अंश वर, छेद खाली हे आपणच घोकून घेतलंय. मग दोन संचांच्या समाईक भागालाही छेदच का म्हणतात? दुसरा शब्द नाही का?

रत्नागिरीहून, निवृत्त शिक्षक
ताई, मूळ एकच, ‘छिद्’ म्हणजे कापणे. अखंडाचे किती सारखे तुकडे केले ते सांगतो तो अपूर्णांकाचा छेद. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) या अर्थी ‘हर’ही येतो आणि ‘समच्छेद’ही. मराठीने छेद ठेवला, हिंदीने हर. दुसरीकडे भूमितीत रेषा एकमेकींना छेदतात, तशी वर्तुळंही छेदतात, आणि दोन्हींच्या आत सापडतो तो छेद संच. हिंदी पुस्तकांत त्याला ‘सर्वनिष्ठ’ म्हणतात, त्यामुळे तिकडे शब्दांची ही टक्कर होत नाही.

मी वर्गात नुसतं ‘छेद’ कधी म्हणत नसे, कायम ‘छेद संच’. तुमच्या गणितात छेद संचातली १० घरं अंशात जातात आणि नमुना अवकाशातली, म्हणजे चिठ्ठीत निघू शकतील अशी सगळी ४०, छेदात. १०/४०, म्हणजे १/४. हे वाक्य तिच्याकडून मोठ्याने म्हणवून घ्या.

‘संयोग’ही असाच फसवतो. संयोग म्हटलं की मुलांना एकत्र आलेले, म्हणजे दोन्ही असलेले वाटतात, आणि ती पाकळीच रंगवतात. रंगवायची असतात दोन्ही वर्तुळं, सगळीच्या सगळी.

गुहागरहून
सर, मी मुलांना ‘सामाईक’ सांगते. आमची नि चुलत्यांची विहीर सामाईक आहे, दोन्ही सातबाऱ्यांवर तिची नोंद आहे. आमचा उतारा वाचताना विहीर मोजली, काकांचा वाचताना परत मोजली, तरी पाणी एकाच विहिरीतून येतं. इथे २४ आणि १८ मिळवले की ४२ होतात, आणि वाडीत घरं ४०च! मुलं इथे हमखास थबकतात. थबकली की विहीर आठवायची आणि दोनदा मोजलेली १० घरं एकदा वजा करायची. ३२ उरतात. आंबा किंवा काजू असण्याची संभाव्यता ३२/४०, म्हणजे ४/५.

देवगडहून
त्या ‘किंवा’वरही बोलायला हवं. पाहुण्याला आपण “चहा की कॉफी?” विचारतो, तेव्हा दोन्हीतलं एकच द्यायचं असतं. गणितातला ‘किंवा’ तसा नाही, दोन्ही असलेलं घरही त्यात धरतात. ‘दोन्हींपैकी एकच’ म्हटलं, तर पाकळी सोडायची: फक्त आंबा १४, फक्त काजू ८, मिळून २२, म्हणजे ११/२०. मराठीत ‘की’ आणि ‘किंवा’ वेगळे आहेत, ‘च’ आणि ‘ही’ आहेत. प्रश्नातल्या या बारक्या शब्दांखाली आधी रेघ मारायची, वर्तुळं मग काढायची. मला शाळेत हे कोणी सांगितलं नव्हतं आणि मी अशा गणितांत गुण घालवले.

पुन्हा मालवणहून
सर, ताई, दादा, मनापासून आभार. विहीर तिला लगेच पटली, आमच्या मांगरामागेही तशीच एक आहे. मग मी विचारलं, आंबेवाल्या घरांतूनच चिठ्ठी काढली, तर त्या घरी काजूही असण्याची संभाव्यता किती? काजूच्या वर्तुळाचा बाहेर राहिलेला भाग तिने हाताने झाकला, थोडा वेळ बघत बसली, आणि लिहिलं १०/२४, म्हणजे ५/१२. “खालचो छेद बदललो, मधलो तोच रवलो,” म्हणाली. पाकळीत आता तिने पेन्सिलीने ‘सामाईक’ लिहिलंय, आणि त्याखाली पेनाने ‘छेद संच’, कारण पेपरात तोच लिहायचा आहे.